चव बघायचे पैसे

“चव बघायचे पैसे?” मोठ्या बाईंनी पळी पातेल्याच्या काठावर अशी आपटली की पलीकडे कांदे चिरणाऱ्या दोघीजणी दचकल्या. “बाजारात द्राक्षवाला चार द्राक्षं तोडून हातावर ठेवतो, तो काय वेडा? कापडवाला ठाणच्या ठाण उलगडून दाखवतो, त्याचं बिल फाडतो? उद्या आरशात बघायचे पैसे मागतील!”

नात मोबाइल पुढे धरून उभी होती. लग्न तिचं होतं, सात आठवड्यांवर आलं होतं, आणि लग्नाचा केक अजून ठरला नव्हता.

“अगं आजी, सहा प्रकारचे तुकडे देतात. माणशी पैसे भरायचे. ऑर्डर दिली की बिलातून वजा होतात.”

“परत द्यायचेच आहेत तर घेतात कशाला? माझे पैसे काय हवा खायला नेतात?”

“सगळीकडे असंच असतं आता.”

“असेल. माझ्याकडे नाही. तीस वर्षं हे कॅन्टीन चालवतेय, चमचाभर रस्सा चाखला म्हणून कुणाच्या खिशात हात घातला नाही. जो दुकानदार फुकट चाखायला देईल, त्याचाच केक येईल. हा माझा शब्द!”

शब्द खणखणीत होता. कारण मात्र खोटं होतं.

खरं कारण मोठ्या बाईंच्या तोंडात होतं, म्हणजे तोंडात नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी ताप आला, पाच दिवस राहिला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. नाकाचा वासही सोबतीला नेला. गोड, खारट, तिखट, आंबट, सगळं एकाच मापाचं झालं. साखर चावली तर रेती, चहा प्यायला तर कोमट पाणी. येईल परत म्हणून त्यांनी आठवडा वाट बघितली, मग महिना. मग वाट बघणंही सोडून दिलं, पण सांगितलं कुणालाच नाही.

सांगणार कसं? टायरच्या कारखान्याचं ते कॅन्टीन. दुपारच्या पाळीला अडीचशे ताटं. आणि मोठ्या बाईंनी एप्रनच्या खिशातला पितळी चमचा काढून चव बघितल्याशिवाय एक भांडं बाहेर जायचं नाही. लोक मोठ्या बाईंच्या जिभेला घाबरायचे ते दोन्हीकडून: जेवणाला नाव ठेवलं तरी घाबरायचे आणि माणसाला ठेवलं तरी. त्यातून अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच म्हाताऱ्या आचाऱ्याला घरी पाठवलं होतं. रस्सा दोनदा खारट झाला तेव्हा सगळ्या स्वयंपाकघरासमोर सांगितलं होतं, “दादा, जीभ गेली की पळी खाली ठेवायची. माझी जाईल त्या दिवशी मीही ठेवीन. सुनेच्या हातात देईन आणि बाहेर बाकावर बसेन.”

बाहेरचा बाक खिडकीतून दिसायचा. एक पाय आखूड होता त्याचा, बसणारा माणूस सारखा डुगडुगायचा. मोठ्या बाईंनी आठ महिन्यांत त्या बाकाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

मग रोजच्या रोज भागवायच्या कशा? भुवईवर. सून पातेलं ढवळताना बोटावर थेंब घेऊन चाटायची, तिची जुनी खोड. तिच्या कपाळावर सगळं लिहिलेलं असायचं. उजवी भुवई वर गेली, मीठ कमी. दोन्ही एकमेकींना भिडल्या, मीठ जास्त. नाक फुगलं तर तिखट. कपाळ सपाट, तर भांडं उचला. मोठ्या बाई चमचा तोंडात घालायच्या, डोळे मिटल्यासारखे करायच्या, फटीतून सुनेचं कपाळ वाचायच्या आणि गरजायच्या, “मीठ कमी!” अडीचशे ताटांत एकदाही चूक झाली नाही. सून बिचारी भोळी, मोठ्या बाई मनाशी म्हणायच्या, पोटात काही राहत नाही हिच्या.

हे असंच चाललंही असतं. पण लग्न ठरलं त्या दिवशी होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या, “तुमच्या जिभेची कीर्ती आमच्यापर्यंत आलीय हं,” आणि मोठ्या बाईंना फुशारकी आवरली नाही. चारचौघांत बोलून बसल्या, “मग केक मीच चाखून ठरवणार.” आणि नातीने तिथल्या तिथे गळ्यात हात टाकले. आता माघार कशी घेणार?

मोठ्या बाईंना वाटलं, फुकट चाखायला देणारं दुकान काही सापडायचं नाही, केक परस्पर कुणीतरी ठरवेल आणि आपण वर नाक करून म्हणू, “माझं ऐकलं असतं तर!” पण दोनच दिवसांनी मुलगा हात चोळत आला.

“आई, सापडलं बघ दुकान! सहाही तुकडे फुकट. एक छदाम घेत नाहीत.”

“फुकट? मग शिळे असतील.”

“ताजे असतात म्हणे. शनिवारी चारची वेळ दिलीय.”

“शनिवारी माझा गुडघा धरतो.”

“दारात गाडी उभी करतो.”

“आणि विहीणबाईंना न विचारता आपणच ठरवायचं? बरं दिसतं का ते? त्यांना सवड असेल तेव्हा बघू.” विहीणबाई दवाखान्यात बिलं करायच्या, शनिवारी त्यांना कधीच सुट्टी नसायची, हे मोठ्या बाईंना पक्कं ठाऊक होतं.

मुलाने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. विहीणबाई रजा घेऊन येते म्हणाल्या.

अशी मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने एकेक वीट रचून स्वतःला भिंतीत चिणून घेतलं. शुक्रवारी रात्रभर त्यांना झोप आली नाही, पण सकाळी उठल्या त्या कंबर कसूनच. अडीचशे ताटांना पुरून उरले, सहा तुकड्यांना भिणार होय? सुनेचं कपाळ होतंच बरोबर. पितळी चमचा त्यांनी पर्समध्ये टाकला आणि गाडीत बसल्या. मुलगा त्यांना दुकानाच्या दारात सोडून परत गेला.

दुकान छोटं आणि चकचकीत होतं. काचेच्या दाराला घंटी, कपाटात ओळीने पाव, आणि दर्शनी खिडकीत कमरेएवढा उंच तीन मजली पांढरा केक, वर साखरेची फुलं. केकवाली पन्नाशीची, बांधेसूद, हातावर भाजल्याच्या जुन्या खुणा. मोठ्या बाईंना त्या खुणा आवडल्या. बाई काम करणारी दिसत होती.

“बसा ना,” केकवालीने टेबल दाखवलं, आणि तिथेच घोळ झाला. टेबल अरुंद. एका बाजूला नात, मध्ये मोठ्या बाई, आणि त्यांच्या उजव्या कोपराला खेटून सून. समोर बसल्या विहीणबाई. म्हणजे वाचायला समोर होतं ते विहीणबाईंचं कपाळ, आणि ते इस्त्री केल्यासारखं.

“सूनबाई, तू त्या बाजूला जातेस का? ऐसपैस बसता येईल.”

“असू देत, असू देत,” विहीणबाईंनी शेजारच्या खुर्चीवर आपली भलीमोठी पर्स ठेवली. “मला तुमचा चेहरा बघायचाय चाखताना. शिकायला मिळेल काही.”

पहिला तुकडा आला. पिवळसर, वर क्रीम. केकवाली म्हणाली, “हा व्हॅनिला. आमचा सगळ्यात जास्त जातो.”

चौघींनी चमचे घातले. मोठ्या बाईंच्या तोंडात काहीतरी मऊ आणि गार आलं. त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि फटीतून विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाई फोटोला बसल्यासारख्या हसत होत्या. “छान आहे!”

“छान आहे,” नातही म्हणाली, जरा पडेल आवाजात.

सुनेला एकाएकी खोकला लागला.

“पाणी पी,” मोठ्या बाई म्हणाल्या. मान वळवून तिच्याकडे बघायचं म्हणजे परीक्षेत शेजारच्या पाटीत डोकावण्यासारखं, आणि समोर विहीणबाई पहाऱ्याला. “हं,” त्या केकवालीला म्हणाल्या. “पुढचा आणा.”

दुसरा चॉकलेटचा. विहीणबाई छान म्हणाल्या, नात छान म्हणाली, सून खोकली. तिसरा संत्र्याचा. छान, छान, खोकला. चौथ्याला तर सुनेने खोकता खोकता कोपराने एक ढुसणीसुद्धा दिली.

“अगं, धक्का काय देतेस? तब्येत बरी नव्हती तर यायचं नाहीस!”

पाचवा झाला, सहावा झाला. मोठ्या बाई सहाही वेळा फक्त “हं” म्हणाल्या होत्या, आणि आता टेबलावर ‘हं’ संपले होते. सगळ्या त्यांच्याकडे बघू लागल्या. केकवालीने हातात वही आणि पेन घेतलं.

“मग? कुठला लिहू?”

“सांग ना आजी,” नात म्हणाली. पोरीने आजीचा हात घट्ट धरला होता. मोठ्या बाईंना वाटलं, हिच्यासाठी तरी एखादा आकडा ठोकून द्यावा, तिसरा म्हणावं नाहीतर पाचवा. पण तीस वर्षांत त्यांनी न कळलेल्या चवीवर कधी शिक्का मारला नव्हता. कुणाच्या का होईना, कपाळावर ती चव वाचलेली असायची. आणि लग्नाच्या दिवशी दोनशे माणसं तो केक तोंडात घालणार होती.

वेळ काढायला म्हणून त्या उठल्या. गुडघ्याला हात लावून खिडकीकडे गेल्या. तिथे तो तीन मजली पांढरा केक उभा होता.

“आणि हा हो? हा काय नुसता तोंड बघायला ठेवलाय?”

“तो शोकेसचा आहे, आजी,” मागून केकवाली म्हणाली.

शोकेसचा म्हणजे भारीतला, मोठ्या बाईंनी हिशेब केला. भारीतला माल लपवायचा आणि गिऱ्हाइकाला किरकोळ सहा दाखवायचे, ही दुकानदाराची जुनी चाल. त्यांनी पर्समधला पितळी चमचा काढला आणि कुणी “अहो” म्हणायच्या आत मधल्या मजल्यात खुपसला. कर्रर्र असा आवाज झाला. चमच्याला जोर लागला. तुकडा निघाला तो त्यांनी तोंडात टाकला, दोनदा चावला. हलका होता, फार हलका. दातांत जरा कुरकुरला. विहीणबाईंच्या कपाळाकडे बघितलं, आणि अहो आश्चर्य! आयुष्यात पहिल्यांदा ते कपाळ हललं होतं. दोन्ही भुवया पार केसांत गेल्या होत्या.

एवढी मोठी पावती! मोठ्या बाईंनी चमचा उंच धरला आणि कॅन्टीनमधल्या आवाजात जाहीर केलं, “हाच! हाच केक येईल लग्नाला!”

सुनेचा खोकलासुद्धा थांबला.

“आजी,” केकवाली हळूच म्हणाली, “तो थर्माकोलचा आहे.”

मोठ्या बाईंच्या डोळ्यांपुढून आचारीदादा गेले, बाहेरचा बाक डुगडुगत गेला. तोंडात थर्माकोलचा तुकडा तसाच होता. थुंकला तर तीस वर्षं थुंकली. त्यांनी तो गालात सरकवला, ताठ उभ्या राहिल्या.

“माहितीये मला,” त्या म्हणाल्या. “तरी तुमच्या सहांपेक्षा हाच बरा.”

केकवालीचा चेहरा लालबुंद झाला. “म्हणजे? माझ्या केकला थर्माकोलपेक्षा वाईट म्हणता? दोन महिन्यांत चाळीस घरची माणसं चाखून गेली, एकाने नाव ठेवलं नाही! आणि तुमच्याकडच्यांनी चार माणसांचे पैसे आगाऊ भरलेत म्हणून मी…”

“काय भरलेत?”

“पैसे. तुमच्या मुलाने. फोनवरून.”

मोठ्या बाई सावकाश नातीकडे वळल्या. नात टेबलाच्या कडेचं रंगकाम तपासू लागली.

“फुकट काय? बघते त्याच्याकडे घरी गेल्यावर. आधी तू सांग. आजीच्या डोळ्यांत बघून सांग, कसे होते ते सहा?”

“छान…”

“पैसे भरलेत हे विसर आणि सांग!”

नातीने एकदा विहीणबाईंकडे बघितलं, एकदा केकवालीकडे. “लसणाचा वास येतोय, आजी,” तिने एका दमात सांगून टाकलं. “सगळ्यांना. संत्र्याच्याला तर फारच.”

“मग बोलली का नाहीस?”

“बाबांनी एवढे पैसे भरलेत, म्हटलं कसं बोलू! आणि ह्या छान म्हणाल्या ना!”

“मी?” विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला. “मी म्हटलं, मुलीकडच्यांनी खर्च केलाय, आपण नाक मुरडून पहिल्या दिवसापासून वाकडेपणा नको. गिळला बाई मी. सहाही वेळा गिळला. ह्यांनी त्या केकला चमचा लावला तेव्हा मात्र राहवलं नाही.”

केकवालीने एक तुकडा उचलून नाकाशी धरला. हुंगला. पुन्हा हुंगला. मग आत गेली, आणि फ्रीझरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती एक भलामोठा डबा घेऊन. “लसणीच्या पावाचं लोणी,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “झाकण चिरलंय. केकच्या ट्रेला लागूनच होता, देव जाणे किती दिवस. सकाळपासून लसणीचे पाव भाजते मी, माझ्या नाकाला काय कळणार त्यातलं!”

“नाकाला नाही तर जिभेला तरी? स्वतःच्या हातचं चाखत नाही तुम्ही?”

“दोन वर्षं झाली, साखर बंद केलीय डॉक्टरांनी. गिऱ्हाईक छान म्हणतं, मी पुढे जाते.”

मोठ्या बाईंना एकदम त्या बाईबद्दल काहीतरी वाटलं, पण ते दाखवायची सवय नव्हती. “अहो बाई,” त्या म्हणाल्या, “पैसे देऊन खाल्लेल्याला वाईट कोण म्हणेल? मग देणाराच मूर्ख ठरतो. चाळीस घरांनी केक नाही हो चाखला. आपापले पैसे चाखले.”

केकवालीने वहीतलं पान फाडलं. “पैसे परत करते. गुरुवारी या, सहाही नव्याने ताजे करते, तुमच्यासमोर ओव्हनमधून काढते. आणि आजी, एक विचारू? राग मानू नका. दर गुरुवारी येता का? माल बाहेर जायच्या आधी चव बघायला. पैसे मी देईन तुम्हाला.”

“मला? चव बघायचे?”

“खरं बोलणारी जीभ कुठे मिळते हल्ली?”

नातीने आजीला मिठी मारली. विहीणबाई म्हणाल्या, “बघा, म्हटलं नव्हतं कीर्ती आहे म्हणून!” मोठ्या बाईंनी मान डोलावली आणि दाराबाहेर पडताच रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्याशी वाकून गालातला थर्माकोल एकदाचा सोडला. हे फक्त सुनेने बघितलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारच्या पाळीला, कॅन्टीनमध्ये दुपारचा रस्सा उकळत होता. मोठ्या बाईंनी चमचा बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटल्यासारखे केले आणि फटीतून बघितलं. सुनेचं कपाळ सपाट होतं. म्हणजे भांडं उचला. पण सुनेने तर अजून थेंबही चाखला नव्हता. ती हाताची घडी घालून उभी होती.

मोठ्या बाई थांबल्या. सूनही थांबली. रस्सा रटरटत राहिला.

“चाखत नाहीस आज?”

“आज भुवई दुखतेय, आई,” सून म्हणाली.

मोठ्या बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. “भुवई?”

“आठ महिने उडवतेय. कालपर्यंत काही वाटलं नाही. पण काल शेजारी बसावं लागलं, भुवई दिसेना म्हणून खोकत बसले, खोकून खोकून घसा बसला, कोपर मारलं, तरी तुम्ही म्हणे पाणी पी!”

“कधीपासून कळलंय तुला?”

“तापानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. चहात चुकून मीठ पडलं होतं माझ्या हातून. तुम्ही अख्खा कप प्यायलात आणि म्हणालात, आज जमलाय.”

कांदे चिरणाऱ्या दोघी पलीकडे बडबडत होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. खिडकीतून बाक दिसत होता. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं. मग पितळी चमचा एप्रनला पुसला आणि दांड्याकडून सुनेपुढे धरला.

“जीभ गेली की पळी खाली ठेवायची. मीच बोलले होते. घे.”

“आणि तुम्ही?”

“मी काय? चव गेलीय, आवाज नाही गेला. चाख आता, अडीचशे माणसं यायचीत.”

सुनेने चमचा घेतला, रस्सा चाखला. सवयीने तिची उजवी भुवई वर गेली.

“मीठ कमी!” मोठ्या बाई अशा गरजल्या की कांदेवाल्या दोघी पुन्हा दचकल्या. मग सुनेकडे वाकून हळूच म्हणाल्या, “गुरुवारी तूही चल. मिळेल त्यातलं निम्मं तुझं. आणि विहीणबाईंची पर्स काढायची त्या खुर्चीवरून आणि सरळ माझ्यासमोर बसायचं. शेजारी बसून खोकलीस, तर बघ.”